लघुइंजिन घडवू इच्छिणाऱ्यांस कलमवार सूचना

कलम १ : निवड. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या गाडीच्या साहिब, सिंध व सुलतान या इंजिनत्रयीवर प्रत्येक नवशिक्याची दृष्टी असते. परंतु ज्याला घरचा गळका नळ अद्याप बंद करता आलेला नाही, त्याने एक दट्ट्या व एक चाक असलेल्या स्थिर इंजिनावरच समाधान मानावे.

कलम २ : धातू. गनमेटल भोसरीच्या भंगारात मिळते. किंमत घरी सांगू नये.

कलम ३ : प्रमाण. मूळ इंजिन एक-दशांश केले की सिलिंडरचे घनफळ सहस्रांश होते, भिंतींचे क्षेत्रफळ मात्र शतांशच राहते. सबब वाफेच्या वाट्यास दसपट थंड भिंत येऊन ती काम करण्यापूर्वीच पाणी होऊन बसते. ग्लासगो विद्यापीठातील न्यूकमेन इंजिनाची जी प्रतिकृती १७६३च्या सुमारास जेम्स वॉटकडे दुरुस्तीस आली, तीही काही फेऱ्यांतच धापा टाकी. त्या रोगाचे निदान करता करता वॉटला स्वतंत्र कंडेन्सर सुचला. तात्पर्य, सिलिंडरला लाकडी पट्ट्यांचे अंगरखे घालावे.

कलम ४ : बॉयलर. तांब्याचा असावा व चांदीच्या झाळणाने सांधावा. पहिली परीक्षा वाफेने नव्हे, पाण्याने, आणि कामाच्या दाबाच्या दुपटीने घ्यावी. पाणी दाबले जात नसल्यामुळे सांधा सुटला तरी केवळ लुंगी भिजते. कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयातील गाड्या विजेवर धावतात, सबब त्यांस या कलमातून माफी आहे.

कलम ५ : परिपूर्णता. टूलरूममधून निवृत्त झालेले आमचे चिंचवडचे काका दोन मायक्रॉनांसाठी चालते इंजिन पुन्हा खोलतात, आणि तेही पाहुणे पोह्यांची बशी हाती घेऊन ते पाहावयास बसले असताना. अहो काका, चालतंय ना? मग कशाला खोलता? परंतु आकुर्डीपासून चाकणपर्यंत इंजिने हजारोंनी बाहेर पडत असली, तरी अथपासून इतिपर्यंत एकाच माणसाच्या हातचे असे त्यांत एकही नसते. आणि ज्याने उभी नोकरी एका क्रँककेसच्या एका भोकाचा जिग सांभाळण्यात घालविली, त्याला आता सगळीच भोके आपली वाटली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणास आहे? खोलू द्यावे.

कलम ६ : तेल. द्यावे.

कलम ७ : रंग. इंजिन पुरते जमल्याखेरीज देऊ नये. काकांच्या हिरव्या रंगाचा डबा वाळून गेला. त्यांनी दुसरा आणला आहे.