पांढरी फुलं आणि त्यांचे पाहुणे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आधी साहित्य. एक प्लास्टिकचं स्टूल, एक टॉर्च, तिच्या तोंडावर बांधायला लाल जिलेटीन कागद आणि रबरबँड, डासांसाठी मलम आणि घरच्यांना सांगायला एक बऱ्यापैकी कारण. लाल कागद शोभेसाठी नाही. बहुतेक कीटकांना लाल उजेड नीट दिसत नाही, त्यामुळे ते बिचकत नाहीत. कॅमेरा एवढ्यात घेऊ नका. कॅमेरा घेतलेला माणूस कॅमेऱ्याकडेच बघत बसतो.

मग वेळ. बहुतेकांची गाडी इथेच चुकते. पारिजातक सकाळी बघायला जाणं म्हणजे पंगती उठल्यावर मांडव बघायला जाणं. ते फूल संध्याकाळी उमलतं आणि उजाडता उजाडता गळतं. रातराणी, निशिगंध, जुई, बूच, धोतरा यांचंही खरं कामकाज दिवेलागणीनंतरचं. काळोखात लाल-जांभळ्याचा उपयोग काय? म्हणून रंग पांढरा, आणि तो पुरला नाही तर वास. हा वास तुमच्या गजऱ्यासाठी काढलेला नाही. तो पतंगाच्या मिशांसाठी आहे. (धोतरा लांबूनच बघावा. तो मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे, आणि महादेवाला चालतो म्हणून आपल्यालाही चालेल हा तर्क करू नये.)

ज्यांना जागरण झेपत नाही त्यांनी कुंभ्यापासून सुरुवात करावी. पाऊस सरत आला की पडीक रानात, बांधावर, गाठीगाठीला पांढऱ्या फुलांचे गोंडे घेऊन तो उभा असतो. मधमाश्या, लहान फुलपाखरं आणि अंगावर निळे पट्टे असलेली एक एकांडी माशी, सगळे दिवसाउजेडी येतात. तुम्ही फक्त चिखलात उकिडवं बसायचं. कांद्याचे डोंगळेही चालतील. बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याचे ते पांढरे चेंडू मधमाश्यांशिवाय नीट भरत नाहीत, हे बियाणं करणाऱ्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

इथे एक धक्का पचवायचा आहे. आपलं पांढरं मधमाशीला पांढरं दिसत नाही. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात, आणि बहुतेक पांढरी फुलं नेमके तेच शोषून बाकीचा उजेड परतवतात. त्यामुळे असं फूल तिच्या लेखी निळ्या-हिरव्या कुळातलं. शुभ्रतेवर जे काही काव्य आहे तो आपला घरगुती मामला.

रात्रीच्या पाहुण्यांत मानाचा पाहुणा म्हणजे हॉकमॉथ. हा धष्टपुष्ट पतंग फुलावर बसत नाही, समोर तरंगत राहतो आणि लांब सोंड आत सोडतो. याचेच काही भाऊबंद दिवसा हिंडतात, आणि मग कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर हमिंगबर्ड दिसल्याची बातमी देतं. भारतात हमिंगबर्ड नाहीत. बातमी देणाऱ्याला हे एकदाच, गोड शब्दांत सांगावं. दुसऱ्यांदा सांगितलं की ग्रुप सोडावा लागतो.

देवळापुढचा पांढरा चाफा मात्र अट्टल ठग. मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण मुलखाचा. रात्री घमघमतो, त्या वासावर हॉकमॉथ येतो, सोंड घालतो, आत मकरंदाचा थेंब नाही. पुढच्या फुलात असेल म्हणून तिकडे जातो, तिथेही नाही. तेवढ्यात परागकण इकडचे तिकडे होऊन जातात. देवाच्या दारात हे राजरोस चालतं याचं नवशिक्याला वाईट वाटतं. जुन्याजाणत्यांना वाटत नाही.

आता तगर, आणि हा धडा जरा सावकाश वाचावा. एके सकाळी कुंडीतल्या तगरीचे शेंडे बोडके दिसतात. खाली काळ्या लेंड्या. नीट पाहिलं की बोटाएवढी हिरवीगार अळी सापडते, शेपटाकडे छोटं शिंग, आणि डिवचली की मानेजवळ निळे-पांढरे दोन डोळे वटारते. ते डोळे खोटे आहेत. तुमची किंकाळी खरी असते. या क्षणी हात कीटकनाशकाच्या बाटलीकडे जातो. तो दुसऱ्या हाताने धरून ठेवावा. ही अळी कण्हेर आणि तगरीवर वाढते. पोट भरलं की तपकिरी पडून खाली पालापाचोळ्यात उतरते, आणि कोष फोडून बाहेर येतो तो हिरव्या-गुलाबी नक्षीचा हॉकमॉथ. म्हणजे ज्याची वाट बघत तुम्ही स्टुलावर बसला आहात, तोच लहानपणी तुमची तगर खात होता. पाहुणा हवा पण त्याची पोरं नकोत, असं या शास्त्रात चालत नाही. तगरीला आठवडाभरात नवी पालवी फुटू लागते. लिंबू आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तरी हाच नियम. लिंबावर तर महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेल्या नीलवंताचीही अळी असू शकते.

गच्चीत दुधी लावला असेल तर थोडी मध्यस्थी करावी लागेल. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उघडतात. मागे बोटभर दुधी असलेलं फूल मादीचं, नुसत्या लांब देठाचं नराचं. सातव्या मजल्यावर पतंग फिरकला नाही की तो छोटा दुधी पिवळा पडतो, आणि मालक खत वाढवतो. खताचा काही संबंध नाही. दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच टेकवावं. शेजाऱ्यांनी विचारलं तर खरं सांगावं. खोटं त्याहून विचित्र वाटतं.

पुढच्या इयत्तेसाठी भीमाशंकरचं जंगल. तिथल्या वारस नावाच्या झाडाला रात्री फुलणारी पांढरी फुलं येतात, आणि त्यांवर पतंग नव्हे तर भुंगे येतात. लाकूड पोखरून घर करणारे, दणकट. हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस या संशोधकांनी तिथे त्यांचा अभ्यास केला. तीन जातींची पाळी ठरलेली: एक जात फक्त दिवसा, दुसरी दिवसा आणि चांदणं असेल तर रात्रीही जादा काम, तिसरी निव्वळ रात्रपाळी. ही तिसरी अमावास्येलाही उडते आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखते. तेवढ्या उजेडात आपल्याला स्वतःची चप्पल सापडत नाही. तिचे डोळे मात्र दिवसा उडणाऱ्या मधमाशीच्याच घडणीचे, फक्त मोठे. रात्री अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागते. स्टूल घेऊन परस्पर निघू नये.

भरगच्च पाकळ्यांचा मोगरा आणि डबल तगर अभ्यासातून वगळावी. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. देवाला उत्तम, कीटकाला जवळपास रिकामं घर.

शेवटची सूचना. पांढऱ्या फुलावर एखादी माशी बराच वेळ निश्चल दिसली, तर ती ध्यानाला बसलेली नाही. तिच्याखाली बघा. फुलाच्याच रंगाचा खेकडा कोळी तिला धरून बसलेला असेल. जाळं न विणता, पुढचे पाय फाकवून, तो पाहुण्यांची वाट बघत असतो, म्हणजे तुमच्यासारखाच. फोटो जरूर काढा, पण ‘सुंदर कीटक’ असं लिहून पाठवू नका. कोळ्याला आठ पाय असतात, आणि ग्रुपवर कुणी ना कुणी पाय मोजतंच.