कात्री कोणाच्या हातात?

होनस वॅग्नरचं सिगारेटच्या पाकिटातून आलेलं दुर्मीळ बेसबॉल कार्ड 2007मध्ये 28 लाख डॉलरना विकलं गेलं. त्याच्या कडा आपणच कातरल्याची कबुली कार्डांचा व्यापारी बिल मॅस्ट्रोने 2013मध्ये दिली. कातरणं एक वेळ चाललं असतं; लपवणं अंगाशी आलं.

कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीचं बरं आहे. खेळाडूने संघ बदलला की तिचे चित्रकार जुन्या फोटोवरच नवी टोपी रंगवत. 1977च्या कार्डावर रेगी जॅक्सनला यांकीजचा वेश असाच चढवला. ती म्हणे छपाईची सोय!

पण 1980च्या दशकाअखेर ढिगांनी छापलेल्या, रद्दीवालाही नाक मुरडेल अशा कार्डांचं कोणी कोलाज केलं, एखाद्या पिचरला मिशा काढल्या, की संग्राहकांच्या काळजात कळ उठते. 2020मध्ये टॉप्सनेच 20 कलाकारांकडून 20 गाजलेली कार्डं नव्याने करून घेतली, विकलीही. तेव्हा सोवळं खुंटीला टांगलेलं होतं.