ग्रिलमधलं डेल्फिनियम : लागवड आणि निगा

डेल्फिनियम लावायचा निर्णय बहुधा रात्री साडेअकराला, मोबाइल हातात असताना होतो. इंग्लंडात कुणाच्या तरी अंगणात पुरुषभर उंचीचे निळे तुरे डोलत असतात आणि इकडे अंधेरीतल्या वन-बीएचकेधारकाला आठवतं, की आपलीही खिडकी पूर्वेची आहे. निर्णय झाला असल्यास पुढील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात. झाला नसल्यासही वाचाव्यात, म्हणजे शेजारी काय चाललंय ते कळेल.

प्रथम हवामान. या झाडाला थंड उन्हाळा लागतो. अट वाचून लगेच खचू नये. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश तापमान नोंदलं गेलंय, तेव्हा मुंबईला हे जमतच नाही असं नाही. तिने नंतर ते मनावर घेतलेलं नाही, इतकंच. एरवी जानेवारीची पहाट 16-17 अंशांवर अडून बसते आणि दुपारी पारा 30 ओलांडतो. बोरिवलीकर नॅशनल पार्कच्या जोरावर ‘आमच्याकडे दोन डिग्री कमीच असतं’ म्हणतात, मुलुंडकर येऊरच्या डोंगराकडे बोट दाखवतात. दोघांचंही खरं धरलं, तरी त्या दोन अंशांत माणसाचा स्वेटर निघतो, डेल्फिनियमचा तुरा निघत नाही.

एसीच्या खोलीत ठेवलं तर? चांगली कल्पना आहे. पण झाडाला रोज किमान सहा तास ऊन लागतं. ऊन ग्रिलमध्ये असतं, आणि ग्रिलला लागूनच एसीचं बाहेरचं यंत्र खोलीतली सगळी गरमी ओकत असतं. यावर तोडगा निघाल्यास नोबेलसाठी अर्ज करावा.

बी पेरण्याआधी थंडीत ठेवावं लागतं. ओलसर टिश्यूत गुंडाळून, डबीत घालून, एक-दोन आठवडे फ्रिजमध्ये. इथे फुलशेती संपते आणि गृहकलह सुरू होतो. फ्रिजचा मधला कप्पा इडलीच्या पिठाचा, दार लोणच्यांचं, आणि भाजीच्या ट्रेला सासूबाईंशिवाय कुणी हात लावायचा नसतो. डबी कुठेही ठेवा, पण तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहा. ही एक सूचना गमतीत घेऊ नये. डेल्फिनियमचं बी बारीक, काळपट, टोकेरी असतं. कलौंजीशेजारी ठेवलं तर घाईच्या सकाळी फरक कळणार नाही. दोन्ही एकाच कुळातली, पण कलौंजी लोणच्यात जाते आणि डेल्फिनियम मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे. आपला बचनागही याच कुळातला, यावरून घराण्याचा स्वभाव ध्यानात यावा.

माती पाण्याचा निचरा होणारी हवी. मुंबईत निचऱ्याबद्दल बोलणं म्हणजे धाडस. याच सांताक्रूझला 26 जुलै 2005 ला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. लंडनला तेवढा पडायला दीड वर्ष लागतं. तरी लाल माती, शेणखत आणि थोडी वाळू मिसळून कुंडी भरावी. मातीत आम्लता नको, म्हणून मावशींनी कुंडीत चहाचा चोथा टाकायला घेतल्यास नम्रपणे अडवावं. चिमूटभर चुना चालतो. तो कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे फुकट मिळतो. अख्ख्या प्रकल्पातली परवडणारी बाब ही एवढीच.

गोगलगायींना डेल्फिनियम फार आवडतं, असं सगळी परदेशी पुस्तकं बजावतात. आपण निर्धास्त असावं. आपल्याकडे गोगलगायी जूनमध्ये निघतात. तोवर रोप राहत नाही.

खरी कीड खालच्या मजल्यावर असते, असं म्हणणार होतो; पण काकूंचं म्हणणं रास्त आहे, कुंडीतलं पाणी त्यांच्या पापडांवर पडतं. ताटली ठेवावी. ताटलीत पाणी साचलं की डासांसाठी महापालिकेचा माणूस येतो, म्हणून ती रोज ओतावी. कुठे? याचं उत्तर पुन्हा पापडांपाशी येतं. समेटासाठी काकूंना वर बोलावून झाड दाखवलंत, तर संभाषण साधारण असं होईल :

“कसलं हो हे?”

“डेल्फिनियम, काकू.”

“बरं. गणपतीला चालतं?”

“नाही, विषारी आहे.”

“अगंबाई! मग लावलंत कशाला?”

फुलशेतीच्या शास्त्रात या प्रश्नाला उत्तर नाही.

ज्यांना खरोखरच फूल बघायचं आहे त्यांनी बहुवर्षायू डेल्फिनियमचा नाद सोडून त्याचं वर्षायू भावंड, लार्क्सपर, लावावं. दिल्लीकडे ते हिवाळ्यात वाफेच्या वाफे भरून लावतात. ऑक्टोबर हीट ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यास, बी थेट कुंडीतच पेरावं आणि मातीने पुरतं झाकावं, कारण त्याला उगवायला अंधार लागतो आणि मूळ हलवलेलं खपत नाही. खराट्याच्या काड्यांचा टेकू द्यावा. सगळं सुरळीत झालं तर फेब्रुवारीत तुरा येतो, म्हणजे नेमका उकाडा परतताना. फोटो त्याच दिवशी काढावा.

आणि आपलं घरचं डेल्फिनियम आहेच की. डेल्फिनियम मलबारिकम, मराठीत निळवंती. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठे नाही. पावसाळा सरत आला की गवताळ डोंगरउतारांवर तिचे गडद निळे तुरे उभे राहतात. प्रत्येक फुलाच्या पाठीला बारीकशी शेपटी. ना फ्रिज, ना चुना, ना टेकू. ती उपटून ग्रिलमध्ये आणायचा विचार मनात येईल. येऊ देऊ नये. आधीच तिची जागा आक्रसत चालली आहे, त्यात आपल्या कुंडीची भर नको. ट्रेकला जावं, वाकून बघावं, हात पाठीमागे बांधून परत यावं.

उरलेल्या कुंडीत गोकर्णाचं बी खोचावं आणि विसरून जावं. तेही निळंच असतं, रस्त्यावरून वर बघणाऱ्याला फरक कळत नाही, शिवाय पूजेला चालतं. काकूंना रोज चार फुलं द्यावीत, पापडांचा विषय मिटतो. वेल मात्र ग्रिल धरून थेट वरच्या मजल्यावर पोचते आणि फुलं तिकडेच लागू लागतात. ती नेमकी कुणाची, याचा निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ पुकारल्यावर मागावा.