पवनार ते पवनार

वर्धा जिल्ह्यात विनाकारण पायी चालणाऱ्या माणसाबद्दल लोक दोनच शक्यता धरतात: एक तर त्याची गाडी पंचर असावी, नाही तर डोकं. मला बहुतेक वेळा पहिल्या शक्यतेचा फायदा मिळतो. बूट महागाचे आहेत ना!

हे बूट आणि मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ, दोन्हींचं खापर भाच्यावर. तो इंग्लंडात, डर्बीशायरकडे असतो. सुटीच्या दिवशी 'सर्क्युलर वॉक'ला जातो आणि फोटो पाठवतो. हिरवी दरी, दगडी कुंपणं, मेंढ्या. जिथून निघायचं, गोल फिरून तिथंच यायचं. मला वाटलं, आपल्याकडे काय कमी आहे? धाम नदी आहे, पवनारचा काठ आहे, उतारावर पऱ्हाटी आहे, तुरी आहेत. दरी जरा उथळ आहे, पण खाली उकिडवं बसून फोटो काढला तर खपून जाते. जिल्ह्यातला पहिला सर्क्युलर वॉक आपल्या नावावर लागावा अशी हाव सुटली. निघण्याआधीच भाच्याला कळवून टाकलं की मामा आता वॉकर झाला.

नदीकाठ, मग पांदण म्हणजे शेतांकडं जाणारी बंडीवाट, मग वावरांमधून वळसा आणि पुन्हा नदी असा माझा बेत. पण बेताचं पुढं सांगतो, आधी लिफ्टचं सांगू द्या. त्याशिवाय इथल्या चालण्याला अर्थ नाही.

आमच्याकडे लिफ्ट मागावी लागत नाही, चुकवावी लागते. मागून फटफटी येते, वेग कमी होतो आणि प्रश्न येतो, "का भाऊ, पंचर झाली का?"

"नाही, फिरून राहिलो."

"कुठं जाऊन राहिले?"

"पवनारला."

"आन् आले कुठून?"

"पवनारहून."

इथं इंजिन बंद होतं. माणूस स्टँड लावून उतरतो, माझ्याकडे नीट बघतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "घरी काही झालं का?" फिरून राहिलो म्हणजे घरातून निघून आलो, यापलीकडे त्याच्या मनात दुसरा अर्थच येत नाही. मग तो मागची सीट रुमालानं पुसतो. "बसा, सोडून देतो. होते सारं बरोबर."

यात प्रकार असतात. दूधवाला दोन्ही बाजूंच्या कॅनच्या मधे जागा करून देतो. तिथं बसलं की ज्या अंगासाठी आपण चालायला निघालो तेच नेमकं चेपून निघतं. शिक्षक लिफ्ट देतात आणि उतरेपर्यंत बदलीची हकिगत ऐकवतात. कॉलेजातली पोरं आधीच दोघं असतात, तरी "या काका, सरकतो" म्हणतात. ट्रॅक्टरवाला तर विचारतच नाही, नुसता ट्रॉलीकडे अंगठा करतो. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. "चालन्यानं काय होते?" या प्रश्नाला माझ्याकडे कोलेस्टेरॉल सोडून उत्तर नाही, आणि ते सांगितलं की समोरचा आपल्या साळ्याचं कोलेस्टेरॉल सांगायला लागतो. शेवटी मी बसतो. पुढच्या वळणावर काहीतरी निमित्त काढून उतरतो. खडबडीत रस्त्यावर हात हलत राहतात म्हणून घड्याळ तेवढ्या अंतराचीही पावलं धरतं, आणि मी ती परत करत नाही.

असो. तर पहिल्या सर्क्युलर वॉकचं. परतताना आश्रमाची पाटी दिसली आणि माझा विक्रम जागीच बसला. पवनार ते पवनार हा वळसा आधीच एकानं घालून ठेवलेला आहे. विनोबा 1951 साली इथल्या आश्रमातून पायी निघाले आणि देश फिरून 1964 साली इथंच परत आले. मधे 13 वर्षं. पायात माझ्यासारखे बूट नाहीत, मनगटावर कौतुक करणारं घड्याळ नाही. वाटेत त्यांनी लोकांकडे जमीन मागितली आणि 40 लाखांहून जास्त एकर भूदानात आली. त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही, हेही खरं. पण मागणारा पायी आला म्हणून लोकांनी जमीन दिली, हे त्याहून खरं. मी वाटेत फक्त पाणी मागितलं. लोकांनी चहा पाजला.

माझा बेत फसला तो मात्र पांदणीनं. तलाठ्याच्या नकाशावर ती ठसठशीत आहे, दोन बंड्या समोरासमोर जातील एवढी. प्रत्यक्षात मधेच तिची पायवाट होते आणि पुढं तीही पऱ्हाटीत शिरते. कोणी एकानं गिळली असं नाही. इकडचा शेतकरी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत सरकतो, पुढच्या साली तिकडचा सरकतो. प्रत्येकाला वाटतं, एका तासानं काय होते? याउलट इंग्लंडात 1949 साली कायदा झाला आणि पायवाटांचे अधिकृत नकाशे करणं तिथल्या काउंटी कौन्सिलांवर आलं. वावराच्या मधून जाणारी पायवाट पेरणीसाठी नांगरली, तर साधारण 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. का, तर माझ्या भाच्यासारख्यांना सुटीच्या दिवशी गोल फिरता यावं म्हणून! आणि इथं पांदण कोणाच्या शौकाची नाही. पेरणीचं बियाणं तिच्यातून जातं, कापूस तिच्यातून घरी येतो, अडलेली बाळंतीण तिच्यातूनच डांबरी रस्त्यापर्यंत न्यावी लागते. पावसाळ्यात काळी माती फुगली की बंडी आसापर्यंत रुतते. मग ओझं डोक्यावर येतं, आणि डोकं बहुतेक वेळा बाईचं असतं.

त्याच पायवाटेवर मला कापूस वेचायला निघालेल्या बाया भेटल्या. हातात डबे, कमरेला ओट्या. मी बाजूला झालो तर एक म्हणाली, "काय हरपलं भाऊ?"

"काही नाही बाई, फिरून राहिलो."

"मंग आमच्यासंग चाला ना. ओटी बांधून देतो. फिरनंही होते आन् पैसेही भेटते."

बाकीच्या मनसोक्त हसल्या, मीही हसलो, आणि माझ्या बुटांबद्दल जो काही अभिमान शिल्लक होता तो तिथंच पऱ्हाटीत राहिला. संध्याकाळी घड्याळानं थरथरून माझं अभिनंदन केलं. त्या बाया माझ्याहून जास्त चालल्या असतील, त्यात दिवसभराचं वाकणं वेगळं. त्यांच्या वाट्याला अभिनंदन नाही, काटा येतो. वेचाई किलोवर असते. कोणी काटा मारला नसेल, एवढीच आशा.

भाच्याला फोटो पाठवला, उकिडवं बसूनच काढलेला. त्याचं उत्तर आलं, "मामा, रस्ता कुठाय?"

तेव्हा पांदणीच्या दोन्ही अंगांच्या भावांना माझं एकच सांगणं आहे. ज्या गावच्या माणसानं पायी फिरून लाखो एकर मागून आणली, त्या गावच्या भल्यासाठी यंदा नांगर घालाल तेव्हा पांदणीकडचं एक तास सोडा. माझ्यासाठी नका सोडू. मला काय, कोणीतरी लिफ्ट देतंच.