तीन हजार फुटांवरचं आरमार

बंगळुरूला समुद्र नाही. तलाव आहेत, आणि मोठा पाऊस झाला की काही रस्त्यांवरही नौकानयनाची सोय होते. पण आमचं आरमार इथेच, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर, जेवणाच्या टेबलावर निळी चादर अंथरून लढतं. जहाजं मूळ आकाराच्या बाराशेपट लहान. फूटपट्टीनं पल्ला मोजायचा, फासे टाकायचे, समोरच्याला बुडवायचं. लढाई जेवणाआधी आटोपते. रंगांवरून भांडण मात्र महिनोन्महिने चालतं.

युद्धनौका म्हणजे राखाडी, संपला विषय, असं म्हणणारा आमच्या पंथात नास्तिक ठरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आरमाराचे राखाडी ५०७ए, ५०७बी, ५०७सी असे. अमेरिकनांचा हेझ ग्रे निराळा. जपान्यांकडे तर गायकीसारखी घराणी : कुरे गोदीचा राखाडी वेगळा, सासेबोचा वेगळा, आणि एकाचा शागीर्द दुसऱ्याच्या मैफलीला जाणार नाही. हे सगळं मी एका रंगाच्या दुकानात मोठ्या आत्मीयतेनं समजावलं. मालकांनी शेडकार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, “एल्ला ओंदे, सार!” सगळे एकच. इतका अद्वैती माणूस व्यापारात कसा टिकला कोण जाणे.

माझी लाडकी नौका आयएनएस म्हैसूर. मूळची ब्रिटिशांची एचएमएस नायजेरिया; १९५७ साली आपल्याकडे आली आणि १९७१च्या युद्धात पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका झाली. तेव्हा राज्याचं नावही म्हैसूरच होतं, आणि राजधानी बंगळुरू. म्हणजे ही आमच्या गावचीच. माझ्या कपाटात ती चौदा सेंटिमीटरची आहे.

पण तिची सख्खी बहीण एचएमएस केनिया काही काळ चक्क गुलाबी होती! हा रंग लॉर्ड माउंटबॅटन यांचा. १९४० साली त्यांना दिसलं, की एका प्रवासी कंपनीचं जांभळट जहाज संध्याकाळच्या उजेडात इतर जहाजांच्या आधी दिसेनासं होतं. लगेच राखाडीत थोडा तांबडा कालवून त्यांनी आपल्या विनाशिका रंगवून घेतल्या. संधिप्रकाशात हे ठीक. इतर वेळी गुलाबी जहाज उठून दिसे, ही किरकोळ अडचण. पुढे याच गृहस्थांना आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून धाडलं, याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. मी केनिया रंगवायला घेतली तेव्हा सौभाग्यवती इतकंच म्हणाल्या, “अहो, एवढा गुलाबी उरलाय तर देव्हाऱ्याला एक हात मारा.”

समजा, अस्सल रंगाचा डबा हाती लागला, तरी तो तसाच लावायचा नाही. टेबलावरचा एक मीटर म्हणजे खरे बाराशे मीटर. तेवढ्या अंतरावरून, हवेच्या धुरकट पडद्यातून, रंग फिकट दिसणार. म्हणून त्यात पांढरा मिसळायचा. किती, यावर आमच्या गटात दोन तट आहेत आणि ते एकमेकांच्या घरी फक्त दिवाळीला जातात.

सध्याचा तंटा आयएनएस दिल्लीचा. मूळची एचएमएस अकिलीस. डिसेंबर १९३९मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत तिनं ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला बेजार केलं. १९४८ साली ती आपल्या नौदलात आली. मग त्या लढाईवर १९५६मध्ये इंग्रजी चित्रपट निघाला, आणि त्यात अकिलीसची भूमिका केली खुद्द दिल्लीनं! सतरा वर्षांपूर्वीच्या स्वतःचं सोंग घेऊन, तोफा डागत. आता तिला रंगवायचं कुठल्या सालचं? लढाईतलं, की चित्रपटातलं? आमच्यातल्या एका समंजस माणसानं तोड सुचवली : डावी बाजू १९३९ची, उजवी १९५६ची. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, ब्रश भिजले. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, धुराड्याचं काय? ते एकच आहे. आता ते कोणत्या सालात घालायचं, यावर पुढच्या रविवारी बैठक.