गळकी सव्वीस हजार गॅलन

मेरीलँडमधल्या जॅक्सनव्हिलला नळ नाही, घरोघरी बोअरवेल. तिथल्या एक्झॉनच्या पंपावर जानेवारी २००६ मध्ये एका कंत्राटदाराने ड्रिलिंग करताना नेमकी पेट्रोलची लाइन भोसकली. गळती पकडणारं यंत्र होतं हो, अगदी इलेक्ट्रॉनिक! महिनाभराहून जास्त काळ ते निवांत बसून होतं आणि तेवढ्यात सुमारे २६,००० गॅलन पेट्रोल जमिनीत मुरलं. आपल्याकडे दूधवाला मापात पावशेर मारतो, तर सासूबाईंना पातेलं बघूनच कळतं. असो.

त्या पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं रसायन होतं. हवा स्वच्छ राहावी म्हणून तेव्हा घालायचे म्हणे. पाण्यात झटकन विरघळतं, कातळाच्या भेगांतून थेट शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं, आणि चिमूटभरानेही पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास मारतो. म्हणजे हवेची सोय झाली, पाण्याचं तेवढं राहिलं.

या गळतीवरून झालेल्या खटल्यात २०११ मध्ये ज्युरीने एक्झॉनला दीडशे कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. त्यातले शंभर कोटींहून अधिक निव्वळ दंड म्हणून. २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने दंड पुसून टाकला: कंपनीने फसवणूक केल्याचं सिद्ध होत नाही. खरंच आहे. फसवायला आधी स्वतःला ठाऊक तरी हवं, टाकीतून काय जातंय ते!