अर्ध्यावर मत देण्याचे शास्त्र

दीर्घ भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम, ज्याला खेळणारी मंडळी नुसते ‘आरपीजी’ म्हणतात, हा असा खेळ आहे की ज्यात खेळणारा एका पात्राचे सोंग घेतो, त्या पात्राची शस्त्रे, कौशल्ये आणि पाठीवरचे ओझे वाढवत नेतो आणि नेमून दिलेले एक काम सोडून जगातील उरलेली सर्व कामे करतो. अशा खेळाविषयी मत देण्याचे तीन काळ संभवतात, खेळण्यापूर्वी, खेळ संपल्यानंतर आणि मध्येच. पहिल्या काळातील मत जाहिरातीवरून बनते आणि दुसऱ्या काळापर्यंत पोहोचलेली माणसे फारशी आढळत नाहीत, म्हणून प्रस्तुत मार्गदर्शन तिसऱ्या काळापुरते मर्यादित ठेवले आहे. मराठी परंपरेला हा काळ नवा नाही. नाटकाच्या मध्यंतरात बटाटावड्याचा पहिला घास घशाखाली उतरण्याआधी ‘पहिला अंक जरा लांबलाय’ असा निवाडा देणारा प्रेक्षक हा या शास्त्राचा आद्य आचार्य होय. त्याला नसलेली एकच सोय आजच्या खेळाडूला आहे, ती म्हणजे मध्यंतर सहा वर्षे चालवण्याची.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा खेळ घेतला आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने तो १९ मे २०१५ रोजी बाजारात आणला. आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांतील गेराल्ट नावाचा, मोबदला घेऊन राक्षस मारणारा माणूस त्याचा नायक आहे, आणि पोटच्या मुलीसारख्या वाढवलेल्या सिरीला शोधून काढणे हे त्याचे नेमून दिलेले काम आहे. निरीक्षणासाठी निवडलेला खेळाडू, ज्यास यापुढे ‘साधक’ म्हटले आहे, हा दोन वर्षांसाठी म्हणून बंगळुरूला आलेला आणि आता तेथे अकरावे वर्ष काढणारा सांगलीकडचा संगणक-अभियंता आहे. नगराची निवड सहेतुक आहे. ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही देशातील अगदी पहिल्या गेम-कंपन्यांपैकी एक १९९७ मध्ये याच शहरात निघाली, परदेशी खेळांसाठी चित्रकाम करत वाढली आणि २०१९ मध्ये रॉकस्टार गेम्सने ती विकत घेतली, त्यामुळे दुसऱ्यांच्या खेळांचे सुटे भाग घडवणारी माणसे येथे शेजारीपाजारी भेटू शकतात. शिवाय मराठी माणसाचा बंगळुरूतील पहिला मोठा डावही अर्ध्यावरच राहिलेला आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतील हे शहर त्यांचे पुत्र व्यंकोजींनी म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना ३ लाख रुपयांना विकायचे ठरवले, सौदा पुरा होण्याआधीच १६८७ मध्ये मोगल फौज मध्ये घुसली, आणि शहर अखेर म्हैसूरकडेच गेले.

पहिला नियम असा की मत देण्यापूर्वी आपण खरोखर मध्यावर आहोत याची खात्री करून घ्यावी. या खेळाचे मुख्य कथानक साधारण ५० तासांचे असते आणि उपकार्ये, म्हणजे वाटेत भेटणाऱ्या लोकांची किरकोळ कामे, धरल्यास ते १०० तासांच्या वर जाते. त्यावरून नवशिके भागाकार करून मध्य काढतात, तो चुकतो. आपण येथे कशासाठी आलो होतो हे खेळाडूला आठवेनासे होते तेथे मध्य सुरू होतो. व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्या लहानशा मुलखात सिरीची आठवण ताजी असते, वेलेनच्या दलदलीत ती पुसट होते, आणि नोव्हिग्राड या मोठ्या शहरात शिरल्यावर सिरीसाठी डँडेलियन नावाचा शाहीर शोधा, शाहिरासाठी त्याच्या ओळखीच्या बायका शोधा, आणि त्या बायकांची आधी स्वतःची कामे करा, अशी दाखल्यासाठी दाखला मागणाऱ्या कचेरीसारखी साखळी लागते. ही साखळी अर्ध्यात टाकून साधक पत्ते खेळायला बसला म्हणजे तो मत देण्यास पात्र झाला.

या पत्त्यांचे नाव ग्वेंट असे असून त्याविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिणे उचित ठरले असते. प्रत्येक खेळाडूस १० पाने मिळतात, त्यांतील २ बदलता येतात, पाने तीन रांगांत लावायची असतात आणि तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी होतो. परंतु सामान्यतः दोन डावांच्या मध्ये नवी पाने मिळत नाहीत, आणि सारी गोम येथेच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळलेला माणूस पहिला हात मारण्याच्या हट्टापायी भारी पाने पहिल्याच डावात उडवतो आणि पुढच्या दोन डावांत हात चोळत बसतो. जाणकाराने पहिला डाव चिल्लर पानांवर खुशाल सोडावा आणि समोरच्याला खर्चात पाडावे. हेराचे पान आले तर ते आनंदाने प्रतिपक्षाच्या रांगेत टाकावे, कारण त्याचे गुण तिकडे गेले तरी आपल्याला २ नवी पाने ओढता येतात. आणि प्रतिपक्षाने त्याचा हेर आपल्या रांगेत टाकलाच, तर बुजगावण्याचे पान देऊन तो हातात घ्यावा आणि पुन्हा त्याच्याच गळ्यात मारावा. खानावळवाल्यांकडची विकाऊ पाने आधी घ्यावीत, तलवार नंतर. हा परिच्छेद लांबला याची जाणीव आहे. सिरीचा शोधही याच कारणाने लांबतो.

काठिण्यपातळी मध्येच उतरवली असल्यास मतामध्ये तिचा उल्लेख करू नये.

ओझ्याविषयी. गेराल्टची वहनक्षमता मुळात ६० एवढीच असते, ती ओलांडली की नायकाला पळता येत नाही, आणि साधक तर प्रत्येक मेलेल्या डाकूची गंजकी तलवार उचलत असतो. २०१५ च्याच उन्हाळ्यात कंपनीने दुरुस्ती करून कच्च्या मालाचे वजन काढून टाकले आणि सामान ठेवण्याच्या पेट्या गावोगाव दिल्या, तरी खरा उपाय खोगिराच्या मोठ्या पिशव्या घेणे आणि मोह आवरणे हाच आहे. दुसरा भाग साधकास जमत नाही. मॉनिटरचे, मिक्सरचे आणि विकून टाकलेल्या टीव्हीचेसुद्धा रिकामे खोके ‘घर बदलताना लागतील’ म्हणून माळ्यावर जपणाऱ्या माणसाकडून, आणि त्याच माळ्याखाली झोपणाऱ्या कुटुंबाकडून, याहून वेगळी अपेक्षा करता येत नाही.

सर्वांत बिकट नियम खंडाविषयीचा आहे. सिल्क बोर्डच्या चौकातून सुटून घरी पोहोचण्यास साडेआठ वाजतात, जेवण, मुलांचा अभ्यास आणि अमेरिकेशी बैठक उरकून अकरा, आणि नेमक्या त्या वेळी वीज जाते; मग पंखा आणि दिवा चालवणारा यूपीएस, म्हणजे इन्व्हर्टर, ग्राफिक्स कार्डाचा भार काही उचलत नाही. अशा रीतीने आठ महिन्यांचा खंड सहज पडतो, आणि परतल्यावर कोणते बटण कशाचे हे बोटे विसरलेली असतात. शास्त्रशुद्ध उपाय असा की आधी कार्यांची वही उघडून वाचावी, मग वेलेनच्या काठावरची, ड्राउनर म्हणतात ती दुबळी पाणभुते पाच-सात मारून हात बसवावा, क्वेन ही संरक्षक कवचाची खूण अंगी बाणवावी, माणसांना पोलादी आणि राक्षसांना चांदीची तलवार हे पुन्हा घोकावे, आणि मगच कथानकात शिरावे. खेळ सुरू होताना तोच शाहीर मागची कथा सांगतो, तीही ऐकावी. साधक त्या वेळी फोन पाहत असतो. साधकाचा उपाय निराळा आहे, तो खेळ पहिल्यापासून सुरू करतो. १४ डिसेंबर २०२२ रोजी कंपनीने जुन्या ग्राहकांस खेळाची सजवलेली आवृत्ती फुकट दिली, तेव्हा झाडांची पाने अधिक सुंदर हलतात या कारणास्तव त्याने चौथ्यांदा आरंभ केला, आणि बंगळुरूच्या त्या गारठ्यात गरम झालेल्या संगणकाने शेगडीचेही काम केले. परिणामी व्हाइट ऑर्चर्डमधील प्रत्येक विहीर त्याला सांगलीतल्या गल्लीइतकी ठाऊक आहे, आणि स्केलिग ही बेटे त्याने अद्याप पाहिलेली नाहीत. या खंडांच्या काळात वेलेनचा तो दारुडा बॅरन कोण, त्याची बायको का पळाली, हे त्याला बाजूला बसून भाजी निवडणाऱ्या पत्नीस विचारावे लागते, आणि ती न चुकता सांगते.

मताच्या शब्दरचनेकडे आता वळावे. ‘संथ आहे, पण जग जिवंत आहे’ हे वाक्य कोणत्याही दीर्घ खेळास लागू पडते, म्हणून ते पाठ असावे. ऐकणारा शक्यतो कार्यालयातील सहकारी असावा, आणि प्रसंग ‘बाय-टू’ कॉफीचा, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घेण्याचा असावा, कारण अर्ध्या पेल्यास अर्धे मत शोभते. निर्णयांविषयी मात्र ठामपणे बोलावे. वेलेनमध्ये एका झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याला मोकळे करावे की मारावे, असा पेच येतो. त्याचे फळ लगेच न दाखवता खेळ ते कित्येक तासांनी पुढ्यात टाकतो, त्यामुळे जुन्या जागी परत जाऊन दुसरा पर्याय चाचपून पाहण्याची साधकाची नेहमीची चलाखी येथे चालत नाही. पेच सोडवला आहे आणि फळ अजून मिळालेले नाही, या अवधीत माणसाचे मत जितके निःशंक असते तितके पुढे कधीच राहत नाही.

एवढे कठोर विवेचन केल्यानंतर एक कबुली टाळता येत नाही. व्हाइट ऑर्चर्डमध्ये एक म्हातारी बंद झोपडीबाहेर उभी राहून आपला तवा परत मिळवून द्या म्हणते, आणि पाठीवर दोन तलवारी बाळगणारा, राजेरजवाडे ज्याला वचकून असतात असा हा माणूस मंत्राच्या धक्क्याने दार फोडून तिला तो घासूनपुसून लख्ख झालेला तवा आणून देतो. आत वेगळीच भानगड निघते, ती सांगणे शिष्टाचारास सोडून होईल. साधकाने तो तवा चारही वेळा परत केला आहे, एकदाही न कंटाळता, आणि चौथ्या वेळी पत्नीला हाक मारून दाखवला.

तिने त्यानंतर स्वतंत्र नावाने खेळ सुरू केला, दुपारी, मुले शाळेत असताना. गेल्या पावसाळ्यात तो संपला. मत विचारले असता ‘बरा आहे’ एवढेच ती म्हणाली. शेवट तिने अद्याप सांगितलेला नाही, आणि साधकाने विचारलेलाही नाही.